पहिल्या नोकरीतल्या सिस्टरला नाईटला एकटं सोडू नका

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातील नर्सिंग स्कूल व कॉलेजांचे प्राचार्य, खासगी रुग्णालयांचे संचालक डॉक्टर आणि सर्व मेट्रन मॅडम यांना,

सप्रेम नमस्कार.

मी याच शहरात नर्सिंग शिकले आणि याच शहरात वॉर्डात उभं राहून माझे केस पिकले. सध्या इन्चार्ज सिस्टर आहे. नव्याने लागलेल्या मुला-मुलींना कामाला लावणं हा माझ्या ड्यूटीचाच भाग आहे, त्यामुळे दर वर्षी निकालानंतर येणारी बॅच मी अगदी जवळून बघते. आपल्यापैकी कित्येकांना मी ओळखते, कित्येकांच्या हाताखाली शिकले आहे. तरीही हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण प्रश्न कुठल्या एका संस्थेचा नाही आणि एकट्या संस्थेने तो सुटणारही नाही.

निकाल लागतो, महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते आणि पोरगी 'स्टाफ' होते. विद्यार्थिनी असताना तिने लावलेल्या प्रत्येक सलाईनवर कोणाची तरी नजर होती. आता आठवड्याभरात नाईटच्या यादीत तिचं नाव लागतं आणि अख्खा वॉर्ड तिच्या एकटीच्या अंगावर येतो. कॉलेजला विचारावं तर उत्तर मिळतं, बाकीचं हॉस्पिटलमध्ये गेल्यावर आपोआप येतं. हॉस्पिटलला विचारावं तर ते म्हणतात, चार वर्षं शिकून आली आहे ना, मग आम्ही काय शिकवायचं? दोघांच्या मध्ये ती पोरगी उभी असते आणि तिच्यासमोर पेशंट असतो. शिक्षणाचं शेवटचं वर्ष आणि नोकरीचे पहिले तीन महिने ही कॉलेज आणि हॉस्पिटल दोघांची सामायिक जबाबदारी आहे, आणि आज ती कोणीच घेत नाही. या पत्रात मला एवढंच सांगायचं आहे.

या मुली कुठून येतात ते आपल्याला माहीत आहे. चंदगड, आजरा, राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी. बऱ्याच घरांत फीचा हप्ता उसाच्या बिलावर ठरलेला असतो आणि हॉस्टेलचा खर्च गोकुळच्या दूध बिलातून निघतो. बिल लांबलं की कॉलेजच्या ऑफिसबाहेर बाप टोपी हातात घेऊन उभा राहतो. तीन वर्षांचं जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका असो की चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग, घरात पहिल्यांदाच कोणी शिकून नोकरीला लागणार असतं. त्यामुळे पहिल्या नोकरीत कसंही वागवलं तरी ती सोडून जात नाही. दबून राहते. कळत नसलं तरी विचारत नाही. वॉर्डात न विचारणारी नवी सिस्टर मला सगळ्यात जास्त धोक्याची वाटते.

एक प्रसंग सांगते. पहाटेची वेळ, नाईट संपायला आली होती. एका मधुमेही आजोबांना नाश्त्याआधी वीस युनिट इन्सुलिन द्यायचं होतं. नातेवाइकांनी बाहेरच्या मेडिकलमधून आणलेली बाटली होती शंभर युनिटची, म्हणजे एका मिलीमध्ये शंभर युनिट. वॉर्डातल्या ट्रेमध्ये सिरिंज होत्या लाल टोपणाच्या, म्हणजे चाळीस युनिटच्या बाटलीसाठी असतात त्या. नव्या मुलीने औषधाचं नाव पाहिलं, पेशंटचं नाव विचारलं, केस पेपर पाहिला आणि सिरिंज बरोबर वीसच्या रेघेपर्यंत भरली. परीक्षेत तिला पूर्ण मार्क मिळाले असते. पण त्या सिरिंजमध्ये वीसच्या रेघेला अर्धा मिली येतो आणि त्या बाटलीतल्या अर्ध्या मिलीत पन्नास युनिट असतात. अडीच पट डोस. शेजारी सीनियर सिस्टर होती. तिची नजर टोपणाच्या रंगावर गेली आणि तिने हात धरला. "बाटलीवरचा आकडा मोठ्यानं वाच बघू," एवढंच म्हणाली. पोरीने वाचला, सिरिंजकडे बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. मग नारिंगी टोपणाची सिरिंज मागवली. आजोबांनी तासाभरात चहा-बिस्कीट मागितलं, त्यांना यातलं काही कळलंही नाही.

आता विचार करा, त्या रात्री सीनियर शेजारी नसती तर? त्या मुलीचं शिक्षण कमी नव्हतं. दोन प्रकारच्या बाटल्या आणि दोन प्रकारच्या सिरिंजा असतात हे तिने पुस्तकात वाचलंही होतं. पण पहाटे, डोळ्यांवर झोप, तिकडे दुसऱ्या कॉटवरची बेल वाजते आहे, अशा वेळी ते आठवायला हाताला सवय लागते. ती सवय कोणीतरी शेजारी उभं राहूनच लावावी लागते. पोटॅशियम क्लोराइडची अँप्युल कधीही थेट शिरेत सोडायची नाही, पातळ करून सावकाशच द्यायची, हे प्रत्येक विद्यार्थिनीला तोंडपाठ असतं. तरीही आमच्याकडे ती अँप्युल बाकीच्या औषधांपासून वेगळ्या कप्प्यात ठेवतो, कारण पाठांतरावर पेशंटचा जीव टांगून ठेवता येत नाही.

आधी कॉलेजांशी बोलते.

प्राचार्य मॅडम, लॉगबुकात सह्या देताना एकदा स्वतःला विचारा, ही प्रोसिजर या मुलीने स्वतः केली आहे का? एकाच बाळंतपणाची नोंद कितीतरी जणींच्या केस बुकात सापडते, हे आपल्या क्षेत्रात कोणालाच नवीन नाही. पेशंट कमी आणि मुली जास्त असल्या की असं होतं, तेही समजतं. पण मग निदान शेवटच्या सत्रात प्रत्येकीची खरी यादी काढा. कोणी लघवीचं कॅथेटर घातलेलं नाही, कोणी नाकातून पोटात जाणारी राइल्स ट्यूब घातलेली नाही, कोणी नवजात बाळाला श्वास देणारी अँब्यू बॅग धरलेली नाही, हे उघडपणे लिहा. ती यादी तिच्या हातात द्या आणि सांगा, नोकरीला लागल्यावर हे आधी शिकून घे. एवढा प्रामाणिक कागद घेऊन आलेली मुलगी मी गुळगुळीत लॉगबुकवालीपेक्षा आधी घेईन.

इंटर्नशिपला मुलं वॉर्डात येतात तेव्हा त्यांना स्टाफची भरपाई म्हणून वापरू देऊ नका. स्टाफ कमी आहे म्हणून विद्यार्थ्यांना सलग नाईट लावल्या जातात आणि त्यांच्यासोबत कॉलेजची क्लिनिकल इन्स्ट्रक्टर कुठेच दिसत नाही, असं होतं. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन पेशंटमागे एक परिचारिका आणि इतर रुग्णालयांत पाच पेशंटमागे एक, असं प्रमाण दिलेलं आहे. विद्यार्थी या हिशेबात धरायचे नसतात. ते तिथे शिकायला आलेले असतात.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. निकाल लागून महिने उलटले तरी नोंदणीचा अर्ज केलेला नसतो आणि पोरगी नोकरी शोधत फिरत असते. परिषदेच्या नोंदणीशिवाय परिचारिका म्हणून काम करताच येत नाही, हे तिला कोणी नीट सांगितलेलं नसतं. राष्ट्रीय नोंदवहीत नाव चढतं, त्याचा वेगळा क्रमांक मिळतो, ठरावीक वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी सतत शिक्षणाचे तास भरावे लागतात, हे मी कित्येकींना नोकरीच्या दुसऱ्या वर्षी समजावून सांगितलं आहे. आधार, दहावीची सनद आणि नर्सिंगचं प्रमाणपत्र या तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का, हे पहिल्या वर्षी बघितलं तर दुरुस्त होतं. परदेशी जायचा फॉर्म भरताना कळलं तर रडायची वेळ येते. शेवटच्या वर्षाला एक पूर्ण दिवस फक्त या कामासाठी ठेवा. अभ्यासक्रमात बसत नसेल तर रविवारी ठेवा.

आणि पुढच्या वाटा सांगताना नीट सांगा. एम्समधल्या परिचारिकांच्या भरतीची नोरसेट परीक्षा २०२० पासून सुरू आहे. तिला बीएस्सीवाल्यांना अनुभवाची अट नाही, पण जीएनएमवाल्यांना किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. ही एक ओळ माहीत नसल्यामुळे मुली घराजवळच्या पंधरा खाटांच्या दवाखान्यात दोन-तीन वर्षं मन लावून काम करतात आणि अर्ज भरायला बसल्यावर समजतं की तो अनुभव धरला जात नाही. छोट्या दवाखान्यातलं काम कमी दर्जाचं असतं असं मी म्हणत नाही. तिथे माणूस सगळं शिकतो. पण जी केंद्राच्या परीक्षेची स्वप्नं बघते, तिला हे आधी कळायला हवं.

तसंच बाकीचं. वैद्यकीय शिक्षण आणि आरोग्य विभागाच्या अधिपरिचारिकांच्या भरत्या, विमा रुग्णालयं, रेल्वे, बीएस्सीवाल्यांसाठी उपकेंद्रावरची समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची कंत्राटी जागा, जिल्हा परिषदेतलं काम. प्रत्येकाची पात्रता वेगळी, तयारी वेगळी. कोणती नोकरी कायम आणि कोणती कंत्राटी, हेसुद्धा फोड करून सांगावं लागतं. २०२४ मध्ये राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून आपल्याकडेही मुलं जर्मन शिकायला लागली आहेत. शिकू द्या, चांगलंच आहे. पण तिथे परिचारिका म्हणून मान्यता मिळायला भाषेची साधारण बी-२, म्हणजे कामकाज सहज करता येईल इतकी पातळी लागते आणि ती दोन-तीन महिन्यांत गाठता येत नाही, हे सांगणारं कोणीतरी हवं. नाहीतर घाईत कोणत्या तरी एजंटाला बापाच्या उसाचं बिल देऊन मोकळ्या होतात.

आता हॉस्पिटलवाल्या डॉक्टरसाहेबांशी आणि मेट्रन मॅडमशी.

आपली पहिली मागणी मूळ प्रमाणपत्रांची असते. "ओरिजिनल जमा करा, सोडताना देऊ." दोन वर्षांचा बॉन्ड, मध्ये सोडलं तर इतके हजार भरा. परिचारिकांकडून असा बॉन्ड घेऊ नये आणि त्यांची मूळ कागदपत्रं अडकवून ठेवू नयेत, अशी भूमिका भारतीय परिचर्या परिषदेने घेतलेली आहे. आपली अडचण मला कळते. शिकवून तयार केलेली सिस्टर वर्षाच्या आत पुण्याला निघून जाते, मग आम्ही काय करायचं, हा आपला प्रश्न खरा आहे. पण कागद कपाटात ठेवल्याने माणूस राहत नाही, फक्त अडकतो. सरकारी भरतीत कागदपत्रांच्या पडताळणीची तारीख आली आणि प्रमाणपत्र हॉस्पिटलच्या कपाटात, अशा मुली मी पाहिल्या आहेत. एका बाईंनी तर घरातली पाटली गहाण टाकून मुलीची प्रमाणपत्रं सोडवून आणली. कोणत्या हॉस्पिटलमधून ते सांगत नाही, कारण मला कोणाला उघडं पाडायचं नाही. ही प्रथा बंद व्हायला हवी आहे.

पगाराचं बोलायलाच हवं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये दिलेल्या आदेशानंतर केंद्राने खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या वेतनासाठी समिती नेमली. तिने शिफारस केली ती अशी: दोनशेपेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतकाच पगार, शंभराच्या वर असतील तर त्यापेक्षा फार तर दहा टक्के कमी, पन्नास ते शंभर खाटांना फार तर पंचवीस टक्के कमी, आणि पन्नासच्या आत असतील तरी २०,००० रुपयांच्या खाली नको. ही शिफारस आहे हे मला ठाऊक आहे. पण त्या २०,०००च्या जवळपासही न जाणारे पगार आजही आपल्या शहरात दिले जातात, तेही आठऐवजी बारा तासांच्या ड्यूटीला. ज्यांना एकदम जमणार नाही त्यांनी टप्प्याने वाढवावा. निदान नेमणूकपत्रावर पगार, ड्यूटीचे तास आणि साप्ताहिक सुट्टी लिहून तरी द्या. तोंडी ठरलेलं पहिल्या महिन्यातच विसरलं जातं.

माझी सगळ्यात मोठी विनंती मात्र पैशांची नाही. पहिले तीन महिने नव्या सिस्टरचं नाव ड्यूटी लिस्टमध्ये सीनियरच्या नावासोबत लावा. ती सीनियर त्याच वॉर्डात, त्याच शिफ्टला हवी. वरच्या मजल्यावर आहे, लागलं तर फोन कर, असं चालणार नाही. पहिल्या महिन्यात नवी मुलगी बघेल आणि हाताखाली करेल. दुसऱ्या महिन्यात ती करेल आणि सीनियर बघेल. तिसऱ्यात निम्मे पेशंट तिचे. इन्सुलिन, रक्त पातळ करणारं हेपारिन, पोटॅशियम, रक्त चढवणं, लहान मुलांचे डोस, एवढ्या गोष्टी तर वर्षभर दोघींनी तपासूनच द्याव्यात. ओव्हर, म्हणजे शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती, कॉटजवळ उभं राहून द्यायची-घ्यायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. ड्यूटी रूममध्ये बसून दिलेल्या ओव्हरमध्ये बंद पडलेली सलाईन आणि भरलेली लघवीची पिशवी दिसत नाही. आणि जी सीनियर हे शिकवते, तिच्या पगारात त्याचे चार पैसे दिसू द्या. शिकवणं हे तिच्या ड्यूटीच्या वरचं काम आहे.

नाईटला नवी मुलगी एकटी असते तेव्हा दारूच्या वासाचा नातेवाईक "काय ओ सिस्टर, डॉक्टर कुठं हाय?" म्हणत अंगावर येतो, तेव्हा तिच्या बाजूने कोण उभं राहणार, हेही आधी ठरवून ठेवा. पेशंट गेल्याचं नातेवाइकांना सांगायचं काम तिच्यावर टाकून आरएमओ, म्हणजे ड्यूटीवरचे निवासी डॉक्टर, पुढच्या वॉर्डात निघून जातात. तिने पहिला मृत्यू पाहिला की दुसऱ्या दिवशी मेट्रननी तिला दहा मिनिटं जवळ बसवून चहा पाजावा. मी हे करते. दर वेळी पोर आधी "काही नाही मॅडम" म्हणते आणि मग बोलायला लागते.

राहण्याचा प्रश्न कोल्हापूरकरांना वेगळा समजवावा लागू नये. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं, १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग निघालं, आणि एकेका समाजाच्या वसतिगृहांनी हे शहर भरून गेलं. खेड्यातल्या पोराला शाळेत प्रवेश देऊन भागत नाही, त्याच्या डोक्यावर छप्पर आणि ताटात भाकरीही लागते, हे महाराजांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या दारातून बाहेर पडलं की दसरा चौकात ती बोर्डिंगं डोळ्यांसमोर उभी असतात. आज आपली नवी सिस्टर कॉलेजचं हॉस्टेल सुटल्यावर कॉट बेसिसवर खोली शोधत फिरते आणि पहिल्या पगारातला मोठा हिस्सा भाडं आणि मेसमध्ये घालवते. इव्हिनिंग ड्यूटी संपवून रात्री रिक्षा शोधते. चार-पाच रुग्णालयांनी मिळून शहरात नव्या परिचारिकांसाठी एक वसतिगृह चालवणं फार अवघड नाही. निदान रात्री सुटणाऱ्या शिफ्टला घरापर्यंत सोडायची गाडी तरी ठेवा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेने शहराला वेढा घातला, महामार्ग बंद पडला, बदलीची सिस्टर येऊ शकली नाही. तेव्हा वॉर्डात असलेल्या मुलींनी शिफ्टमागून शिफ्ट काढली, त्यात नव्या मुलीही होत्या. स्वतःच्या गावात पाणी शिरल्याचं फोनवर ऐकत त्या पेशंटचा ताप, नाडी आणि श्वास मोजत होत्या. त्या दिवसांत आपण त्यांच्यावर पूर्ण विसंबून होतो. आता पाणी नाही, तर त्यांच्या शिकण्यासाठी आपण थोडा वेळ काढावा, एवढं मागायचा मला हक्क आहे असं वाटतं.

जाता जाता ब्रदर लोकांबद्दल, म्हणजे पुरुष परिचारकांबद्दल एक. मुलांना फक्त ऑर्थो आणि कॅज्युअल्टीत ठेवण्याची पद्धत सोडा. पेशंट उचलायला ताकद लागते एवढ्याचसाठी त्यांना कामावर घेऊ नका. त्यांना आयसीयू, ओटी, डायलिसिस सगळीकडे फिरवा, म्हणजे दोन वर्षांनी त्यांच्याही अनुभवाच्या दाखल्यावर काही लिहिता येईल.

दाखल्याचंही सांगून टाकते. नोकरी सोडताना जे प्रमाणपत्र देता त्यावर रुग्णालयाची खाटांची संख्या, कोणत्या विभागात किती काळ काम केलं आणि रुजू-मुक्त झाल्याच्या तारखा स्पष्ट लिहा. "वर्तणूक समाधानकारक" एवढ्यावर पुढे कुठेच काम भागत नाही. आणि तो दाखला मागताना तिला चार-चार चकरा मारायला लावू नका.

मी काय करू शकते तेही लिहिते. अंतिम वर्षाच्या मुला-मुलींसाठी शनिवारी दुपारी कोणत्याही कॉलेजात येऊन औषधांचे हिशेब, इन्सुलिन, ओव्हर आणि नोंदणीचे कागद यांवर शिकवायला मी तयार आहे. मानधन नको. माझ्यासोबत येतील अशा निवृत्त सिस्टरही शहरात आहेत, त्यांना फक्त बोलवायला हवं. आणि पहिल्या तीन महिन्यांत काय काय करून घ्यायचं याची आमच्या वॉर्डात वापरतो ती दोन पानी यादी कोणत्याही मेट्रन मॅडमना हवी असेल तर मी झेरॉक्स काढून देईन. नवी बॅच रुजू होण्याआधी ती आपल्या ड्यूटी रूममध्ये लावली तर बरं होईल.

आपली नम्र,
कोल्हापुरातील एक इन्चार्ज सिस्टर